हो, मी सांगतो तसं कर!

"वाच, इंदाय."

वीज नुकतीच परत आली होती. मी कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याजवळ वाकून वाचायला लागले. "काहीतरी सुरू झालं, ओके. मग काहीतरी सुरू झालं, ओके. मग लाल अक्षरांत—"

"काहीतरी नको. अक्षरन् अक्षर वाच."

"ई, एस, पी, ई, ए, के..."

"पुरे." मानोंग दुलोंनी खुर्ची पुढे ओढली. "आवाजच झोपलाय. साउंड कार्डाच्या आधी उठला, त्याला ते सापडलं नाही, परत पडला."

त्यांची बोटं फिरली आणि मिनिटभरात कॉम्प्युटर त्याच्या नाकातल्या आवाजात बोलायला लागला.

"जा आता तू. थँक्यू."

शेजारणीकडून आणलेलं भांडं घासूनपुसून परत करावं, तसं ते थँक्यू असायचं. अकरा वर्षं, कुठल्याही मदतीनंतर, मी ते ऐकलं.

फिलिपिन्समधल्या इलोइलोतल्या आमच्या अंधशाळेत मी, लोरेता, ग्रंथालयाची कारकून; ते मला इंदाय म्हणायचे, पोरी म्हणावं तसं. मानोंग म्हणजे दादा; आमचे मानोंग दुलो, पूर्ण नाव तेओदुलो बालिनास, पलीकडच्या ब्रेलखोलीत. चौथ्या वर्षी गोवर निघाला आणि डोळे गेले. सातव्या वर्षी ते या शाळेत आले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही इथेच होते. पनाय बेटावरच्या आंधळ्या मुलांची बहुतेक पाठ्यपुस्तकं त्यांच्या हातून ब्रेलमध्ये निघायची. लिनक्स ही कॉम्प्युटरची प्रणाली ते स्वतःच शिकले होते. पडद्यावरचं वाचून दाखवणारा विकतचा बोलका प्रोग्राम शाळेला परवडत नव्हता आणि हा फुकट बोलत होता.

बोलत होता म्हणजे, बोलला तर. आदल्या वर्षी त्यांनी नवी आवृत्ती घातली, तेव्हापासून हा खेळ सुरू झाला. एकदा मी त्यांना विचारलं, नेमकं होतं तरी काय?

"वसतिगृहाची वॉर्डन सकाळी मुलांना उठवते ना," ते म्हणाले, "तसा कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम असतो. तो सगळ्यात आधी उठतो आणि बाकीच्यांना उठवतो. त्याला इनिट म्हणतात. आमची वॉर्डन फार चपळ आहे, एका हाकेत सगळं वसतिगृह उठवते. नव्या यंत्रांवर ते छान चालतं. आमचं साउंड कार्ड म्हातारं, डोळे चोळत बसतं. तोवर आवाज येऊन, बघून, निघून गेलेला."

"मग वॉर्डनला सांगा ना, जरा थांब म्हणून."

"दोन महिने सांगतोय. दहातल्या सात वेळा ऐकते."

"सात म्हणजे बरंच की."

"तू दहातल्या सात वेळाच जिना धड उतरलीस तर?"



फेब्रुवारीत माझे मामा वारले. मी तीन दिवस समोरच्या गिमारास बेटावर गेले होते. नेमकी त्याच दिवसांत सहावीच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये काढायची होती. पहिल्याच सकाळी वीज गेली, आली आणि कॉम्प्युटर मुका झाला. पुढचं मला स्वयंपाकीणबाई नांग सिलिंगनी सांगितलं.

"मला बोलावलं गं त्यांनी. म्हणे, वाच. आता मी काय वाचू? इंग्रजीतलं सगळं, आणि मुंग्यांसारखं पळतंय. मी म्हटलं, मानोंग, खूप लिहिलंय. ते म्हणाले, काय लिहिलंय? मी म्हटलं, खूप."

"मग?"

"मग हसले. पण जेवले नाहीत."

ते अंदाजाने कळा दाबत राहिले. कॉम्प्युटरने एका शब्दानेही ओ दिली नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका मिसेस आर्कोनादांनी बाजारातून दुरुस्तीवाला बोलावला. तो खोलीत आला, मानोंगना त्यांच्याच खुर्चीत बसलेलं पाहिलं आणि मॅडमना म्हणाला, "माम, यांना जरा बाजूला बसवता का?"

दुसऱ्या कुणी उठवायच्या आत मानोंग स्वतःच उठले. त्याने यंत्र चालू करून दिलं, तेही माऊसने चालणाऱ्या, डोळ्यांनीच बघायच्या चित्रांच्या पडद्यासकट, आणि गेला. ते निस्तरून प्रश्नपत्रिका छापायला घेईपर्यंत परीक्षेचा दिवस उजाडला होता. नऊ मुलं हात मांडीवर ठेवून दोन तास बाकांवर बसून होती. फिदेला नावाच्या मुलीने मानोंगच्या पावलांचा आवाज ओळखला. "मानोंग, आमचा पेपर कुठे अडकला होता?"

मी परतले तेव्हा ते व्हरांड्यात उभे होते. माझी चाहूल लागताच म्हणाले, "मामांचं सगळं नीट झालं ना?" परीक्षेबद्दल अवाक्षर नाही.

आठवड्याने मात्र ते मुख्याध्यापिकांसमोर उभे राहिले. मी तिथेच रजिस्टरवर सह्या घेत होते.

"माम, मला कॉम्प्युटरची वॉर्डन बदलायचीय."

काय ते त्यांनी समजावून सांगितलं. ओपन-आरसी नावाची दुसरी व्यवस्था आहे. साधी आहे, एकेकाला नाव घेऊन उठवते. आधी साउंड कार्ड, मग आवाज, मग बाकी सगळे. तिच्या सूचना साध्या मजकुरात असतात, त्यामुळे त्या त्यांना ओळ न् ओळ ऐकता येतात.

"पण आत्ता चालतंय ना?" मॅडम म्हणाल्या. "चालत्याला हात कशाला लावायचा?"

"चालतंय कुणामुळे? लोरेतामुळे." त्यांनी माझ्या दिशेने हात केला.

"मग लोरेता आहेच की."

"परवा नव्हती."

मी रजिस्टरात डोकं घातलं. आधी बरं वाटलं होतं, मग तेवढं बरं वाटेना.

"आणि बंदच पडलं तर?"

"तर मला स्वयंपाकघरात टाका. मासे साफ करेन."

"नांग सिलिंगला विचारलंत?"

"ती नाही म्हणाली."

मॅडम हसल्या, आणि हसल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही. शाळेला मोठी सुट्टी लागल्यावरचा एप्रिलमधला एक शनिवार ठरला.

त्याआधीचे सहा आठवडे ते सूचना लिहीत होते. लिहून झालेलं सगळं त्यांनी ब्रेलमध्ये छापून घेतलं, एकोणीस पानं. यंत्र मुकं झालं तरी बोटांखाली कागद बोलेल, म्हणून. कॉम्प्युटरमधल्या पुस्तकांच्या दोन प्रती काढून कपाटात बंद करून ठेवल्या. शनिवारी सकाळी आठलाच ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. आत्तापर्यंत तो शर्ट मी फक्त पदवीदान समारंभात पाहिला होता.

"बस, इंदाय. आज शेवटचा त्रास."

जुनी वॉर्डन काढून टाकण्याची आज्ञा त्यांनी दिली. यंत्र थांबलं आणि नाकातून बोलायला लागलं. हा भाग काढणं धोक्याचं आहे, तुम्ही काय करताय ते तुम्हाला नक्की कळत असेल तरच पुढे जा. पुढे जायचं असेल तर हे वाक्य जसंच्या तसं टाइप करा: हो, मी सांगतो तसं कर!

"उद्गारचिन्हासकट?" मी विचारलं.

"उद्गारचिन्हासकट." ते हसले. "आमच्या घरात हे वाक्य कधी चाललं नाही बुवा."

मग हसू थांबलं. एकेक कळ चाचपत त्यांनी ते वाक्य लिहिलं. "शेवटचं चिन्ह आलं?"

"आलं."

त्यांनी एंटर दाबलं. नवी वॉर्डन आत आली, जुनी गेली. सगळं आटोपल्यावर त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. दोन्ही तळवे पँटला पुसले. मग चालू केला.

पंखा फिरला. पडद्यावर अक्षरं धावली आणि थांबली. यंत्र गप्पच.

मी पाच मोजले. दहा मोजले. त्यांचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला.

"वाच," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक.

मी वाचलं. अक्षरन् अक्षर वाचलं, स्वल्पविरामही सोडला नाही. चौथ्या ओळीवर त्यांनी हात वर केला. "थांब. परत वाच ती." परत वाचली. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आवाजाची सूचना मी लिहिली आणि तिला चालायची परवानगीच दिली नाही! सहा आठवडे लिहिली, आणि दारात उभी करून ठेवली."

त्यांनी एक ओळ टाइप केली, मी ती वाचून दाखवली, त्यांनी मान हलवली. पुन्हा बंद, पुन्हा चालू.

या वेळी आवाज आला. मी उठून टाळ्या वाजवल्या. ते मात्र उठले नाहीत.

"आता तू बाहेर जा."

"का?"

"खोलीत डोळे आहेत तोवर ही परीक्षा खरी नाही. दार लावून घे. मी हाक मारल्याशिवाय येऊ नकोस. काहीही झालं तरी."

मी व्हरांड्यात बाकावर बसले. आतून भिंतीवरचं मुख्य बटण खाली पाडल्याचा खट्ट आवाज आला. वीज जाते तशी. मग पुन्हा खट्ट. मग शांतता. आणि मग दाराआडून तो नाकातला आवाज: लॉगिन. मी बोटावर एक मोजलं. पुन्हा खट्ट. तिसऱ्या वेळी जरा उशीर झाला आणि मी उठून दाराच्या मुठीवर हात ठेवला. उघडलं नाही. आवाज आला.

नांग सिलिंग कॉफीचे कप घेऊन आल्या. "आत काय चाललंय?"

"वीज घालवताहेत."

"एरवी जाते ती पुरत नाही?"

असं दहा वेळा झालं. दहाही वेळा बोललं. त्यांनी हाक मारली ती मात्र खूप वेळाने. मी आत गेले तर ते खुर्चीत मागे टेकून बसले होते, हात मांडीवर, कॉफी नको म्हणाले. डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. मी पडद्याकडे पाहिल्यासारखं केलं.

"काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला माहितीये."

"हो," ते म्हणाले. "मला माहितीये."

जूनमध्ये कामाचं वाटपपत्रक आलं. दरवर्षी येतं. आपण काय काय करतो ते प्रत्येकाने भरायचं आणि मॅडमकडे द्यायचं. मी मागच्या वर्षीचं समोर ठेवून उतरवत होते: पुस्तकांची देवघेव, नोंदवही, टपाल. चौथं होतं, ब्रेलखोलीतील पडद्याचं वाचन. हाताच्या सवयीने तेही उतरवलं गेलं. मग मी पट्टी ठेवली आणि त्यावर एक सरळ रेघ मारली. त्याच्या जागी काय लिहावं, ते बराच वेळ सुचलं नाही. भिंतीपलीकडे ब्रेलचं छापयंत्र ठोकत होतं. तिसरीचं भूगोलाचं पुस्तक निघत होतं. हादऱ्याने टेबलावरचा कप कडेला सरकत आला होता. मी तो उचलून आत ठेवला आणि पत्रक तसंच, एक ओळ मोकळी ठेवून, देऊन आले.