बुंदीच्या मानेतली चिप

आमच्या बुंदीला चिप बसवली त्या दिवसापासून आमचे हे, म्हणजे जितेंद्र, जळगावच्या पिंप्राळ्यात शास्त्रज्ञ होऊन फिरत होते. जनावरांच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी माझ्यासमोर स्वच्छ सांगितलं होतं, की ही तांदळाच्या दाण्याएवढी नळी आहे, हिच्यात फक्त एक पंधरा आकडी नंबर आहे, दुसरं काही नाही. पण बाकीची गोष्ट ह्यांनी मनाने रचली. किराणा दुकानात, सलूनमध्ये, कॉलनीच्या गणपतीत एकच पालुपद: "आमची बुंदी दिल्लीला नेली तरी मोबाईलवर दिसेल. सॅटेलाइट!" मी दोनदा टोकलं, मग नाद सोडला. नवऱ्याच्या फुशारकीने कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटायचं.

बुंदी आमची आठ वर्षांची लॅब्रॅडॉर, रंगाने नावासारखीच. दोन्ही मुलं पुण्याला गेल्यावर लोक म्हणू लागले, आता हीच तुमची लेक. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. लेकरं मला आहेत. बुंदी ही बुंदी होती आणि मला ती हवी होती, याला आणखी कारण कशाला लागतं?

ती हरवली धरणगावला, नणंदेच्या मुलीच्या लग्नात. वरातीपुढे फटाक्यांची लांबलचक माळ लागली, बुंदी थरथरली, मागे सरकली आणि पट्ट्यातून मान सोडवून पळाली. पट्टा माझ्या हातात राहिला. आमचा फोन नंबर त्या पट्ट्यावरच होता. नवरी मंडपात आणि आम्ही दोघं कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या रस्त्यांवर हाका मारत, असं ते लग्न पार पडलं. अंधार पडायच्या आत एवढंच कळलं, की अमळनेरच्या रस्त्याला एका पिकअपवाल्याने गाडी थांबवून पिवळी कुत्री उचलून आत घातली.

घरी आल्यावर जितेंद्र मोबाईल काढून बसले. मला आधी वाटलं, कुणाला फोन लावतायत. पण ते खरोखर नकाशात बुंदीला शोधत होते! तीन वर्षं लोकांना सांगता सांगता त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. शेवटी डॉक्टरांना फोन केला.

"जितूभाऊ, त्या दाण्यात बॅटरी कुठून येणार?" डॉक्टर म्हणाले. "कुणी तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं, तिथे मशीन फिरवलं, तरच नंबर दिसेल. नंबरवरून मला फोन येईल, मी तुम्हाला करीन. तुमचा मोबाईल नंबर तोच आहे ना?"

तो तोच नव्हता. दोन वर्षांपूर्वी बदलला होता आणि दवाखान्यात कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी फोन हिसकावून घेतला आणि माझा नंबर लिहून घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी बुंदीच्या फोटोखाली मेसेज लिहून जळगाव-धुळ्याच्या जमतील तेवढ्या ग्रुपवर सोडला: 'आमच्या कुत्रीच्या मानेत चिप आहे. तिचं ठिकाण आम्हाला मोबाईलवर दिसत आहे. मुकाट्याने आणून सोडा, नाहीतर पोलिस दारात येतील.' खाली माझा नंबर.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"असू दे. घाबरून तरी आणून देतील."

"आणि घाबरून दुसरंच काही केलं तर?"

मेसेज तोवर कुठल्या कुठे गेला होता.

चौथ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. पलीकडे म्हाताऱ्या बाईचा दबका आवाज होता. मी फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, ती पिवळी कुत्री आमनाकडे शे."

जितेंद्र खुर्चीतून उठलेच. मी विचारलं, "कोण तुम्ही? कुठून बोलताय?"

"गाव नको पुसू. माले एक सांग. आमनं घर तुमना मोबाईलवर दिखी राह्यनं का?"

ह्यांनी जोरजोरात मान हलवली. हो म्हण, हो म्हण.

"का विचारताय, माय?"

"मन्हा आंडोर, मन्हा पोऱ्या, ब्लेड लेवाले गयेल शे. मानमाईन चिप काढी फेकी देस म्हने. कुत्री मरी जाई, ताई. तो येवाना पहिले सांग. खरं सांग. दिखस का नही?"

जितेंद्रनी माझं मनगट धरलं आणि कानाशी कुजबुजले, "नाही म्हणू नकोस. भीती संपली की ते कुत्री कायमची ठेवून घेतील." ते चूक बोलत नव्हते. हो म्हटलं तर ब्लेड, नाही म्हटलं तर बुंदी गेली. विचार करायला वेळ नव्हता. माझं माहेर साक्रीचं. इतक्या वर्षांत जळगावात जी भाषा घरातसुद्धा बोलत नाही, ती आपोआप तोंडात आली.

"नही दिखत, माय. कायच दिखत नही. तो मेसेज खोटा शे. चिप ठिकाण नही सांगत. कुत्री कोनी शे तेवढंच सांगस, ते बी जनावरना डॉक्टरनी मशीन लाई तर. त्याले सांग, हात नको लावू तिले."

"कोनता डॉक्टर?"

मी तोंड उघडणार तोच मागून पुरुषाचा आवाज आला, "माय, कोनसंगे बोली राह्यनी?" आणि फोन बंद झाला.

मी नको नको म्हणत असताना ह्यांनी तीनदा उलट फोन लावला. तो बंदच. कॉल कुणाचा ते सांगणाऱ्या ॲपवर नाव होतं 'धनसिंग पिकअप'. गाव नाही, पत्ता नाही. खानदेशात धनसिंग किती आणि पिकअप किती! पोलिसांत जाऊन नंबर दिला. त्यांनी लिहून घेतला आणि पाहतो म्हणाले.

परत येताना गाडीत जितेंद्र म्हणाले, "तू तिला देऊन टाकलीस, नूतन."

मी भांडले नाही. माझं भांडण मी कधी उधार ठेवत नाही, पण त्या दिवशी ठेवलं. खरं बोलून मी तिला वाचवलं की घालवलं, हे मलाच कळत नव्हतं. त्या माउलीने पोराला सांगितलं असेल का? त्याने ऐकलं असेल का? पुढचे दोन दिवस आम्ही एकमेकांशी चहा-जेवणापुरतं बोललो. मला सारखं ब्लेड दिसायचं. कणीक मळताना दिसायचं, दारावरची बेल वाजली की दिसायचं. बुंदी डॉक्टरकडे सुई टोचतानासुद्धा शेपटी हलवते, ब्लेड पाहूनही तिने हलवली असेल, या विचाराने मी मोरीत जाऊन रडले.

सहाव्या दिवशी सकाळी अकराला आमच्या डॉक्टरांचा फोन आला. "धुळ्याच्या एका डॉक्टरांनी कळवलंय. नंबर जुळतोय. निघा."

"जिवंत आहे?"

"आहे. पण लवकर पोचा. एक आजी तिला घेऊन बसल्यात. मागोमाग त्यांचा मुलगाही आलाय आणि कुत्री माझी आहे म्हणतोय. डॉक्टर कुणाकुणाला किती वेळ थोपवणार?"

एरंडोल, पारोळा कधी मागे पडलं ते समजलं नाही. गाडी चाळीसच्या पुढे न नेणारे आमचे हे त्या दिवशी ट्रकांना हॉर्न मारत होते. अर्ध्या वाटेत एकदाच बोलले. "घेऊन गेला असला तर?" मी म्हटलं, गाडी चालवा.

दवाखान्यापुढे पांढरी पिकअप उभी होती, हौद्यात कापसाचे पुंजके अडकलेले. ती अजून तिथेच आहे म्हणजे बुंदीही आत असणार. आत बाकावर लुगड्यातल्या एक आजी बसल्या होत्या. डाव्या मनगटाला बुंदीची दोरी तीनदा गुंडाळलेली, उजवा पंजा फडक्यात. दारात तिशीचा एक माणूस मुठी आवळून उभा. बुंदीने आम्हाला पाहिलं आणि अशी झेप घेतली की बाई बाकावरून ओढल्या गेल्या. तरी त्यांनी दोरी सोडली नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आधी डॉक्टरले बोलू द्या."

डॉक्टरांनी मशीन बुंदीच्या मानेवर फिरवलं. काहीच नाही.

"दखा!" तो माणूस ओरडला. "मी सकाळपाईन सांगी राह्यनू, काय नही शे."

पण डॉक्टर शांत होते. "चिप कधी कधी सरकते. सकाळीही मानेवर सापडली नव्हती. मी मशीन ठेवून देणार होतो, तर ह्या भागाबाई म्हणाल्या, बठ्ठा आंगवर, सगळ्या अंगावर, फिरव." त्यांनी मशीन खांद्यावरून पुढच्या पायाकडे नेलं. बारीकसा आवाज झाला. डॉक्टर एकेक आकडा वाचत गेले आणि मी लसीच्या वहीत बोट ठेवून जुळवत गेले. पंधरावा आकडाही जुळला.

भागाबाईंनी मनगटावरची दोरी सोडली. बुंदी जितेंद्रवर कोसळली, मग माझ्यावर. मी तिची मान चाचपली. ओरखडासुद्धा नव्हता.

"तुमच्या हाताला काय झालं?" मी भागाबाईंना विचारलं.

"ब्लेड लागनं. मी त्याले सांगं, दिखत नही म्हने. तो म्हने, त्या फसाडी राह्यनात. मंग मी तिनी मानवर हात ठी दिधा. तू डॉक्टर म्हनेल व्हती ना. आज हा गाडी लिसन गया, न् मी सोनगीरहून काळीपिवळी जीपमा बसी उनू."

धनसिंग खाली मान घालून उभा होता. जितेंद्र त्याच्यासमोर गेले. मला वाटलं, आता कॉलर धरतात. पण ते म्हणाले, "भाऊ, तो मेसेज मी लिहिला. खोटा होता."

धनसिंगचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "तुम्ही लिखा? भाऊ, ती गाडीखाले येत व्हती म्हनीसन मी उचली. दुसरा दिवस परत धरणगावले सोडाले निंघनू व्हतू. तेवढामा तुमना मेसेज उना, पोलिस दारमा येतीन. मना हातपाय गळी गयात. परत लई जाऊ तर चोर म्हनतीन, ठेवू तर मोबाईलवर दिखस. मन्ही शे नही म्हनू तर काय म्हनू?"

मला ते पटलं नाही. सकाळभर कुत्री माझी म्हणणारा आता परत सोडायला निघालो होतो म्हणतो! मी तसं तोंडावर बोललेसुद्धा.

डॉक्टरांनी भागाबाईंचं फडकं सोडून पाहिलं. "हे माझ्या हातचं नाही. टाके लागतील. माणसांच्या दवाखान्यात न्या, आत्ता." जितेंद्रनी स्वतः गाडीचं पुढचं दार उघडून त्यांना बसवलं. मागे एका खिडकीशी मी, दुसऱ्या खिडकीशी अंग चोरून धनसिंग, मध्ये बुंदी.

बुंदी शेपटी कुणापुढेही हलवते, पण परक्या माणसाला चिकटून बसत नाही. आठ वर्षांत ती माझ्या सख्ख्या भावालाही कधी चिकटून बसलेली नाही. गाडी चौकात वळली तशी तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग सरकून धनसिंगच्या मांडीवर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. त्याचा हात सवयीने तिच्या कानामागे गेला आणि तो हुंदके देऊन रडू लागला. जितेंद्रनी आरशातून ते पाहिलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. तो मेसेज गेला नसता, तर चार दिवसांपूर्वीच बुंदी घरी आली असती आणि पुढे बसलेल्या बाईचा हात धड राहिला असता, हे आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं.