थंडी कुणाची, बोलणी कुणाला

मित्रांनो, तुम्ही अमेरिकेत राहत असाल तर तुमच्या घराच्या भिंतीवर माझा एखादा भाऊबंद नक्की असेल, पण त्याची विचारपूस तुम्ही कधी केली नसेल. मी थर्मोस्टॅट आहे. चांगला जुना, गोल, सोनेरी रंगाचा. घर किती गरम ठेवायचं ते माणसं माझी चकती फिरवून ठरवतात आणि मी बेसमेंटमधल्या फर्नेसला, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीला, तसा हुकूम सोडतो. माझा जन्म मिनियापोलिसच्या एका कारखान्यात झाला. बिऱ्हाड तिथून जवळच, ईडन प्रेरीतल्या एका घराच्या पॅसेजमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. आजकालच्या थर्मोस्टॅटांसारखं मला वायफाय नाही, कुणाच्या फोनवर जाऊन चुगल्या करता येत नाहीत. पण अंगात पाऱ्याची इवलीशी कुपी आहे आणि ती खोटं बोलत नाही.

पहिल्या मालकांनी, एका म्हाताऱ्या जोडप्याने, माझं फार कौतुक केलं. आजोबा दर रविवारी मला रुमालाने पुसत. मग घर विकलं गेलं आणि सुभाषराव आणि अंजनाताई राहायला आले.

दोघंही मूळचे नागपूरचे. सुभाषरावांची नोकरी मोठी गमतीची. लोक जे काम नीट करत असतात, ते आणखी कमी वेळात कसं करावं हे त्यांना सांगायचं. घरी आल्यावरही ती नोकरी काही सुटत नसे. भांडी कशी लावावीत, मोजे कसे जोडावेत, सगळ्याची त्यांच्याकडे पद्धत होती. अंजनाताई लायब्ररीत काम करायच्या आणि दर एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीला बायकांच्या लेझीम पथकात सगळ्यांत पुढे असायच्या. त्यांचा सराव पॅसेजमध्येच चाले. माझ्या कानाशी छनछनाट! पण मला तो आवडायचा.

मग एका हिवाळ्यात लेझीम कपाटात गेली ती बाहेरच येईना. अंजनाताई जेवता जेवता पेंगू लागल्या. कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, आणि खाणं तेच असूनही वजन वाढत चाललं. रक्त तपासलं तेव्हा कळलं की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली आहे. शरीराने किती वेगाने चालायचं, किती ऊब धरायची, हे म्हणे ती ठरवते. हे ऐकून मला तिच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. बिचारी, माझ्याच धंद्यातली!

गोळी सुरू झाली आणि सगळ्यांना वाटलं, संपलं. पण कसलं काय! रिपोर्टातला आकडा एकदा नॉर्मल यायचा, पुढच्या वेळी पुन्हा बिघडायचा. थकवा जाईना, वजन हलेना आणि थंडी तर मुळीच हटेना.

सल्ले मात्र भरपूर. नागपूरहून धाकटी बहीण रीमा व्हिडिओ कॉलवर ओरडली, "ताई, कोबी बंद कर!" शेजारच्या सरलाकाकूंनी कसला तरी हिरवा रस पाठवला. सुभाषराव म्हणाले, "सिंपल आहे अंजू. कमी खा, जास्त बर्न कर." अंजनाताई रोज रात्री गार सॅलड खायच्या आणि कुडकुडत माझ्याकडे यायच्या. मला चौऱ्याहत्तरवर (फॅरनहाइट हं, तुमच्या सेल्सिअसमध्ये तेवीस) नेऊन ठेवायच्या. थोड्या वेळाने सुभाषराव घाम पुसत यायचे आणि अडुसष्टवर आणायचे. पुन्हा ताई, पुन्हा राव. मित्रांनो, मला घेरी यायची बाकी होती.

"हा थर्मोस्टॅटच बिघडलाय," सुभाषरावांनी निकाल दिला. दुरुस्तीवाला आला. त्याने आपला थर्मामीटर माझ्याशेजारी धरला, म्हणाला, "हा बरोबर आहे," आणि गेला. मी निर्दोष सुटलो! पण त्याने झालं उलटंच. सुभाषराव अंजनाताईंना म्हणाले, "बघ, याचा आकडाही नॉर्मल, तुझा मागचा रिपोर्टही नॉर्मल. मग थंडी येते कुठून?"

"मला काय माहीत कुठून येते?" अंजनाताई म्हणाल्या. "वाजते एवढं खरं."

दुसऱ्या दिवशी सुभाषरावांनी माझ्यावर प्लॅस्टिकची एक पेटी बसवली आणि तिला कुलूप लावलं. आत मी, अडुसष्टवर.

त्याच आठवड्यात अंजनाताईंनी जयंतीसाठी पांढऱ्या साडीवरचा ब्लाउज घालून पाहिला. हुक लागेना. त्यांनी श्वास रोखून ओढलं, तसा हुक तुटून टिचकन माझ्या पेटीवर आपटला. एरवी त्या हसल्या असत्या. त्या दिवशी पॅसेजमध्ये खालीच बसल्या आणि जयंतीचा कार्यक्रम बसवणाऱ्या हर्षलला फोन लावला. "जयभीम, हर्षल. यंदा लेझीममध्ये दुसरं कुणी पुढे घ्या. माझ्याच्याने नाही होणार." फोन ठेवून कितीतरी वेळ त्या तिथेच होत्या. मी पेटीत बंद. एक डिग्रीसुद्धा देऊ शकलो नाही.

शनिवारी लेक आली. हर्षिता रोचेस्टरला शाळेत मुलांना व्हायोलिन शिकवते. आई हातमोजे घालून पोळ्या लाटते आहे हे तिने पाहिलं, मग मला पाहिलं.

"बाबा, यू लॉक्ड आई आउट ऑफ द हीट?"

"टेम्पररी आहे गं," सुभाषराव पुटपुटले.

"गिव्ह मी द की." किल्ली घेऊन तिने आधी मला सोडवलं आणि मग सोमवारी डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल ठरवला. त्या दिवशी स्वतः रजा घेऊन थांबली.

कॉल स्वयंपाकघरातच झाला, म्हणून मला सगळं ऐकू आलं. डॉक्टरबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोळी नेमकी कशी घेता?"

अंजनाताईंच्या आधी सुभाषरावच पुढे सरसावले. "ती सिस्टिम माझी आहे. थायरॉइड, कॅल्शियम, आयर्न, सगळ्या गोळ्या एकाच वेळी, सकाळच्या चहाबरोबर. विसरायचा प्रश्नच नाही!"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "फारच छान सिस्टिम. फक्त त्यामुळे थायरॉइडची गोळी पुरती अंगी लागत नाही. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा तासाभराने. कॅल्शियम आणि आयर्न चार तास तरी लांब."

हर्षिताने टेबलावर डोकं टेकवलं. सुभाषराव हळूच म्हणाले, "मग तोवर डोस डबल केला तर?"

"मुळीच नाही," डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "जास्त झाली तर छातीत धडधड होईल, हाडं झिजतील. डोस मी ठरवेन, रक्त तपासून. आणि सगळा दोष थायरॉइडवरच टाकू नका, थकव्याची इतर कारणंही बघू. वजनाचं खरं सांगते, गोळीने त्यातलं थोडंच उतरेल. बाकीचं खाणं, चालणं, झोप, आणि धीर."

कॉल संपला. सुभाषरावांनी चहाचा कप बाजूला सारला. "अंजू," ते म्हणाले, "तू खरंच सांगत होतीस. मी ऐकायला पाहिजे होतं."

"हो, पाहिजे होतं," अंजनाताई म्हणाल्या. त्यांनी उगाच 'जाऊ द्या' म्हटलं नाही, हे मला फार बरं वाटलं.

तपासणीत बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, त्याचेही उपचार सुरू झाले. सकाळी एकट्याने चहा प्यायचा नाही, असं सुभाषरावांनी स्वतःला बजावलं. त्यामुळे गोळीनंतरचा तो एक तास दोघंही एकमेकांवर खेकसत काढायचे. सॅलडची हकालपट्टी झाली. वरण, अंडी, भाजी पोटभर, भाताचा डोंगर तेवढा टेकडीएवढा झाला. बाहेर बर्फ, म्हणून दोघं मॉलमध्ये चालायला जाऊ लागले. काही आठवड्यांनी थायरॉइडचा आकडा जागेवर आला आणि तिथेच राहिला. जेवताना पेंगणं थांबलं. वजनाचा काटा मात्र गोगलगायीसारखा उतरला, मध्येच दोनदा वरही चढला. एप्रिलपर्यंत फरक पडला तो इतकाच, की ब्लाउज उसवून सैल केल्यावर हुक लागला.

अंजनाताईंनी पुन्हा हर्षलला फोन केला. "पुढे नको, मागच्या ओळीत उभी राहते." आणि लेझीम कपाटातून बाहेर आली.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. घरात कुणी म्हणालं, 'मला थंडी वाजते, मला थकवा येतो', तर आकडा बघायला माझ्याकडे धावू नका. आधी त्या माणसाजवळ बसा, सगळं नीट विचारा, आणि डॉक्टरांनाही सगळं नीट सांगा. आम्हा यंत्रांना हवेतलं कळतं, माणसाच्या हाडातलं कळत नाही.

आता जयंतीच्या संध्याकाळचं सांगतो आणि थांबतो. दोन गाणी लेझीम खेळून, उरलेल्या गाण्यांना खुर्चीत बसून टाळ्या वाजवून अंजनाताई घरी आल्या. दमल्या होत्या, पण गाल लाल होते. बाहेर अवेळी बर्फ पडत होता. त्यांनी शाल ओढली मात्र, सुभाषराव गुपचूप आले आणि त्यांनी मला चौऱ्याहत्तरवर नेलं. थोड्याच वेळात ते बनियनवर आले.

"अहो, हे काय करून राहिले तुम्ही? हर्षल अन् मंडळी जेवायला येत आहेत. शर्ट घाला."

"गरम होतंय गं."

"मग जरा कमी करा ना ते."

"राहू दे," सुभाषराव म्हणाले. मागचं दार उघडून ते तसेच बनियनवर बाहेरच्या लाकडी डेकवर, पडत्या बर्फात जाऊन उभे राहिले. आणि आतली ऊब जाऊ नये म्हणून दार त्यांनी आठवणीने लावून घेतलं.