कार्डाची पूजा

दीपमाला नागपूरहून दीक्षाभूमीचं दर्शन घेऊन परतली ती थेट कुपवाडच्या पंपांच्या कारखान्यात आली. तिथले कॉम्प्युटर तीच सांभाळायची. तिनं सर्व्हरचं, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरचं, झाकण उघडलं. आतल्या कंट्रोलर कार्डावर हळद होती, कुंकू होतं, कडेला झेंडूची पाकळी चिकटली होती. जळका वास अजून येत होता.

खंडेनवमीला कारखान्यातलं एकूण एक यंत्र पुजायचं, हा मालक मानसिंग आबांचा नेम. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, हयगय ठाऊक नाही. दीपमाला इथं असती तर तिनं झाकणाला हात लावू दिला नसता. पण दसऱ्यासाठी ती आधीच नागपूरला गेलेली.

"तूच म्हनालीस न्हवं, खरं यंत्र आत हाय म्हून," आबा दारातूनच म्हणाले. "म्हून आत पानी शिंपडलं आन् मग बटन दाबलं. लय भक्तीनं केलं गं."

भक्ती कमी असती तर पाणी बाहेरच राहिलं असतं.

डिस्क शाबूत होती. पण डिस्क आणि मशीन यांच्यात बोलणं घडवणारं कार्डच मेलं होतं, आणि कारखान्याच्या प्रत्येक पंपाचं ड्रॉइंग त्या एका डिस्कवर होतं. जुने कागद वाळवीनं खाल्ले होते. बॅकअपचा टेप ड्राइव्ह 'घेऊ की सावकाश' म्हणता म्हणता राहून गेला होता.

आबांचे मेहुणे नानासो तर टपलेलेच. "तवाच सांगत हुतो, ही लिनक्स नगं. आज सांजच्याला कोल्हापूरचा मानूस येतोय. डिस्क पुसून विंडोज घालून देतोय."

"पुसू नका. ड्रॉइंग गेली तर कारखाना गेला!"

"मग दाव की, कुठं हायती?"

विंडोजऐवजी लिनक्स प्रणाली घालावी म्हणून सगळ्यांशी भांडली होती ती एकटी दीपमालाच.

नवं कार्ड आणायला ती निघाली. विश्रामबागेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जळालेल्या कार्डाच्याच नावाचा चकचकीत खोका मिळाला. "सगळ्याला चालतंय ताई," दुकानदार म्हणाला. पण कंपन्या खोक्यावरचं नाव तेच ठेवतात आणि आतली चिप बदलतात, आणि लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, ओळखतो चिपेला, खोक्याला नव्हे. चिपेचा नंबर स्टिकरखाली झाकलेला होता. तो फाडला की दुकानदार कार्ड परत घेणार नाही, ते गळ्यात पडणार. तिनं नखानं फाडला. चिप दुसरीच निघाली, आणि हिचा ड्रायव्हर तिच्या लिनक्समध्ये नव्हता. लाज बाजूला ठेवून ती तिथंच काउंटरवर रडली.

मग एसटीडी बूथवरून साताऱ्याला मिलिंदला फोन लावला. दोघं एका वर्गातले. तो तिथं कॉलेजात शिकवायचा, घरी लिनक्स चालवायचा.

"जळालेल्या चिपेचा नंबर सांग," तो म्हणाला, आणि ऐकून म्हणाला, "माझ्या मशीनमध्ये तीच आहे. काढतो आणि सांगलीच्या एसटीत ड्रायव्हरजवळ देतो."

"आणि तुझं मशीन?"

"बंद राहील. तू स्टँडवर जा."

स्टँडवर गाडीचा पत्ता नव्हता. तिनं कारखान्यात फोन केला. कोल्हापूरचा माणूस येऊन बसला होता.

"आबा, मी येईस्तोवर त्याला मशीनला हात लावू देऊ नका. पाया पडते तुमच्या."

"बगतो," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या 'बगतो'नं तिचा जीव खाल्ला. मेहुण्यापुढं आबांचं कधी चाललं होतं? गाडी आष्ट्याजवळ पंक्चर झाल्याचं कळलं तेव्हा तर ती फलाटावर वेड्यासारखी येरझाऱ्या घालू लागली. अखेर गाडी आली. ड्रायव्हरनं सीटमागून कापडात गुंडाळलेला पुडा काढून दिला. तो छातीशी धरून ती रिक्षाकडे पळाली.

कारखान्यात नानासोंचा आरडाओरडा चालला होता. आबा कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराला खुर्ची लावून, पहाऱ्यावर बसावं तसे ताठ बसले होते. पाणी प्यायलाही जागचे हलले नव्हते.

"आली व्हय? जा आत," ते म्हणाले.

कार्ड बसलं. पडद्यावर ओळी सरकू लागल्या आणि मध्येच थांबल्या. अशा वेळी हाक मारायला दीपमालेला देवही नव्हता. मग नवी ओळ उमटली, डिस्कचं नाव घेऊन. तिनं पहिलं ड्रॉइंग उघडलं. आबांनी फौजेतून आल्यावर बनवलेला पहिला पंप होता तो. ती हुंदके देऊन रडायला लागली.

आबा मागं येऊन उभे राहिले. सवयीनं त्यांचे हात जोडायला वर आले. मग काय आठवलं कोण जाणे, त्यांनी ते घाईनं पाठीमागं बांधले आणि दोन पावलं मागं सरकले.

"मी हितनंच बगतो, पोरी," ते म्हणाले.