उभं राहण्यापुरतं

मी वॉकर बोलतोय. चार पाय आहेत, पण स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही. नळ्या वाकवून मला घडवलं तेव्हा वाटलं होतं, चला, माणसांना चालतं करू. या घरी आलो आणि माझ्यावर टॉवेल वाळू लागले. काय म्हणावं याला!

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. म्हातारा पूर्वी बस चालवायचा. त्याची बायको न्हाणीघरात पडून गेली, तेव्हा हा शेजारच्या खोलीत झोपला होता. त्या दिवसापासून त्याने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, पायांत काही दोष नाही. पण उठायचंच नाही म्हटल्यावर डॉक्टर तरी काय करणार? मला बघितलं की तोंड फिरवायचा. मी काय त्याचं घोडं मारलं होतं?

मग त्याचं करायला ती आली, दूरच्या देशातून. या देशाचं नावसुद्धा तिच्या गावी कुणी ऐकलं नव्हतं. असा देश खरंच आहे, की एजंटने तुला टोपी घातली, असं तिच्या आईने विचारलं होतं म्हणे. आईशिवाय तिला कुणी नव्हतं. आई आजारी, तिचं औषधपाणी या पगारावर. दुसऱ्याच्या बापाचं करायला आले आणि आपली आई शेजारणीच्या भरवशावर टाकली, हे तिला आतून खायचं.

म्हाताऱ्याचा मुलगा रविवारी यायचा. वाईट नव्हता, थकला होता. एकदा त्याने स्पष्टच सांगितलं, या महिन्यात बाबा उभे राहिले नाहीत तर त्यांना वृद्धाश्रमात ठेवीन. मग तिलाही परत जावं लागणार होतं. तेव्हापासून ती रोज माझ्यावरचे टॉवेल काढून मला कॉटला लावायची, विनवायची, रागवायची. म्हातारा भिंतीकडे बघत पडायचा.

एका सकाळी ती त्याला सूप भरवत असताना फोन आला. ती फार बोलली नाही. फोन ठेवून पुन्हा चमचा उचलला, तर सूप त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

"आई?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. डोळे कोरडेच होते.

म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केलं. तिने मला पुढे ओढलं. त्याने माझ्या दांड्या धरल्या आणि, बाप रे, सगळा भार माझ्यावर आला. तो उभा राहिला, वाकलेला, घामाघूम.

"कुठे जायचंय, बाबा?"

"कुठेही नाही. माणूस गेलं की उभं राहायचं असतं. आमच्या हिच्या वेळी मी पडून राहिलो."

तेव्हा ती रडली, माझी पुढची दांडी धरून, मोठ्याने. मग हात जोडून आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. इथे आल्यापासून तिला देवाचं नाव घेताना मी कधी ऐकलं नव्हतं. तिचं आटपेपर्यंत म्हातारा खाली बसला नाही.

रविवारी बापाला उभं बघून मुलाला काय आनंद झाला! तुम्ही आता राहाच, असं तो तिला म्हणाला. पण तिची बॅग भरून झाली होती. पगार पाठवायचा तरी कुणाला?

"आता कुणासाठी राहू?" ती म्हणाली.

म्हाताऱ्याने समोर बघत सांगितलं, "आमच्या हिला त्या दारातून नेलं. मी तिथवरसुद्धा गेलो नाही. मला दारापर्यंत जायचंय, पोरी. धरशील?"

तिने बॅग कॉटखाली सरकवली.

दार अजून लांब आहे. आम्ही कपाटापर्यंत पोचतो, तिथेच त्याला धाप लागते. दिवसेंदिवस तो हलका होत चाललाय, ते मला त्याच्या हातांवरून कळतं. तिलाही कळत असणार. तरी रोज ती म्हणते, उद्या पोचू. मला देवाधर्मातलं काही कळत नाही, पण कुणी ऐकत असेल तर एवढंच मागतो. त्याला दारापर्यंत जाऊ दे, आणि तेव्हा ती त्याच्या शेजारी असू दे.