हाराआडचा काटा

मी एक जुनी, दोन दारांची, लाल स्पोर्ट्स कार आहे. लाल म्हणजे आता विटलेली लाल म्हणा. मित्रांनो, मला सोलापुरात पहिल्यांदा आणलं ते एका डॉक्टरांनी. सात रस्ता चौकात थांबले की माणसं वाकून आत बघायची आणि मीही जरा भाव खाऊन घ्यायचे. पुढे डॉक्टरांची कंबर दुखू लागली. माझ्यासारख्या बुटक्या गाडीत बसणं त्यांना जमेना. मग त्यांनी मला लिंबाखाली उभं केलं ते चार वर्षं. तिथे पाखरांनी माझी काय शोभा केली ते न सांगितलेलंच बरं.

मला तिथून सोडवलं ते बिरप्पांनी. घरात त्यांना अप्पा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. जन्मभर यंत्रमागांच्या कारखान्यात फिटर असलेला हा माणूस. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ते माझ्या इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. “वाल्व वाजतोय,” म्हणायचे, आणि तो वाजतच असायचा. आपलं कुणीतरी ऐकतंय, एवढ्यानेही जुन्या गाडीचं आयुष्य वाढतं.

पण मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान कधीच खायला घेतले होते. हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. माझं बेअरिंग असं किंचाळत होतं की गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली, आणि अप्पा म्हणाले, “काय ग्वाड चाललीय!”

त्यांची लेक रुपाली चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, तपासणी विभागात आहे. तिच्या नजरेतून हे सुटणार थोडंच! एका रविवारी तिने सरळच विषय काढला.

“अप्पा, एकतर गाडी विकायची, न्हायतर मीटर बसवायचे. एक पाणी किती तापलंय ते दाखवणारा, एक ऑइलचा दाब दाखवणारा.”

“मला कशाला मीटर? हे कान काय भाड्यानं आणलेत व्हय?”

“आईला शेजारी बसवून हायवेला जाता की! तितं इंजिन जाम झालं तर?”

माझा धोक्याचा दिवा डॉक्टरांच्या वेळीच गेला होता. आणि या वयात मला विकणं म्हणजे भंगारात घालणंच. माझा जीव टांगणीला लागला.

अप्पा दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पत्रा कापला, गोल भोकं पाडली, कानस मारून कडा गुळगुळीत केल्या आणि डॅशबोर्डखाली दोन मीटर बसवले. चावी फिरवताच काटे थरथरत उठले. मित्रांनो, मला वाचा फुटली! कुठे तापतंय, कुठे दुखतंय, हे मी आता माझ्या तोंडाने सांगणार होते.

खंडेनवमी आली. पाटावर नट आवळायचे पाने, हातोडी, स्क्रूड्रायव्हर मांडले. मला आंघोळ घातली. झेंडूचा जाडजूड हार माझ्या नाकावर बांधायचा, ही आमची दरवर्षीची रीत. पण अप्पा म्हणाले, “औंदा मान नव्या पावण्यांचा!” आणि त्यांनी तो हार दोन्ही मीटरांवर सोडला. वर मीटरांच्या काचेवर भंडाऱ्याची पाच बोटं. अप्पांच्या बायकोने, मायाक्कांनी, नारळ फोडला आणि दोघं टेंभुर्णीला मायाक्कांच्या भावाकडे निघाली.

चिंचोळी मागे पडली आणि माझा रबरी पाइप फाटला. पाणी गळू लागलं. काटा झेंडूच्या आड चढत होता. मी जीव तोडून सांगत होते, पण बघणार कोण? अप्पा गुणगुणत होते. मायाक्कांना वास आला.

“अवं, कायतरी उकडल्यागत वास येतोय.”

“व्हय व्हय, वारं लई ग्वाड हाय,” अप्पा म्हणाले.

त्या पुन्हा बोलल्या, मोठ्याने. अप्पांनी हसून मान डोलावली. गेली काही वर्षं मायाक्का अशा वेळी गप्प बसायच्या. आज बसल्या नाहीत. त्यांनी हाराला हात घातला आणि तो ओढून तोडला. पदराने काच पुसली. काटा लाल पट्ट्याच्या पार पोचला होता. अप्पांनी मला कडेला घेऊन इंजिन बंद केलं. आणखी थोडं पुढे गेलो असतो, तर ही गोष्ट सांगायला मी उरले नसते.

फोन केल्यावर रुपाली कारखान्यातून पाइप आणि पाण्याचे कॅन घेऊन आली. ती रागावणार असं मला वाटलं. पण अप्पा दगडावर बसून होते, मांडीवर तुटका हार.

“पोरी, तुज्या आईनं दोनदा सांगितलं. मला ऐकायलाच आलं न्हाय. आजचं न्हाय... लई दिवस झालं.”

हे वाक्य बोलायला त्यांना किती वर्षं लागली असतील! रुपाली त्यांच्याजवळ बसली.

“मग गाडीला बसवला तसा एक मीटर तुमच्या कानाला बी बसवूया की, अप्पा.”

“आन् त्येला हार घालू नगा,” मायाक्का म्हणाल्या. अप्पा डोळे पुसत हसले, कारण हे मात्र त्यांना ऐकू आलं होतं.

आता अप्पांच्या कानात यंत्र आहे आणि हार पुन्हा माझ्या नाकावर आला आहे. रोज सकाळी ते काच पुसतात आणि विचारतात, “बरी हायस न्हवं?” मी काटा हलवते.

मित्रांनो, पूजा जरूर करा. पण हार घातला म्हणजे काळजी घेतली, असं समजू नका. आणि शेजारी बसलेलं माणूस एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगत असेल, तर गाडी कडेला घ्या.