तुटक्या साखळीची फुशारकी

मी एक जुनी साखळी आहे, मित्रांनो, आणि मधोमध तुटलेली आहे. माझी कीव करू नका. उभ्या आयुष्यात मी एवढे एकच शहाणपण केले.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. "हत्ती बांधा, हलणार नाही," असे सांगून त्याने मला विकले, तेव्हा मी फुगून गेले होते. मला घेणारे गृहस्थ फरशीचे व्यापारी. त्याच दिवशी त्यांनी राखणदार जातीचे एक पिल्लू आणले. त्या जातीची कुत्री वाढवणाऱ्या बाईंनी त्यांना बजावले होते, "हा वासराएवढा होईल. माणसांत ठेवलात तरच राखेल. जमणार नसेल तर नेऊ नका." "हो हो," म्हणत मालकांनी पिल्लू गाडीत घातले. त्यांना ते फाटकाला शोभेल म्हणून हवे होते.

वर्षभरात तो खरेच वासराएवढा झाला. शेपटीच्या एका फटक्यात चहाचे कप खाली, सोफ्यावर लाळच लाळ. "याला आधी बाहेर बांधा," सूनबाई कडाडल्या, आणि मी कामाला लागले. तो दिवसभर भुंके, टपालवाल्यावर, वाळक्या पानांवर, कधी उगाचच. घरातले "गप रे!" म्हणून ओरडत. शेजारी कुरकुरत. माझे मात्र जो तो कौतुक करी, "काय दणकट साखळी आहे!" त्याच्या मानेवरचे केस माझ्या घासण्याने झडत होते, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. असले कौतुक घाला चुलीत!

एका दुपारी घरात धाडकन काहीतरी पडले आणि मालकांच्या आई, म्हणजे घरातल्या आजी, "आई गं!" म्हणून किंचाळल्या. त्याने हिसका दिला. पुन्हा दिला. मग माझी एक कडी उघडली. लोखंड झिजले होते, असे लोक म्हणतात. म्हणू देत. मी त्याला सोडले.

तो आत घुसला तशी सगळ्यांची बोबडी वळली. मालक काठी घेऊन धावले. पण तो कोणाला चावला नाही. हातातून निसटलेला डबा आजींच्या पायावर पडला होता. त्या स्वयंपाकघरात खाली बसून पाय चोळत होत्या. तो त्यांना खेटून, दाराकडे तोंड करून बसला आणि गप्प झाला.

"राहू दे रे त्याला," आजी म्हणाल्या. "बघ, किती शहाण्यासारखा बसलाय."

"शहाणा? साखळी तोडून आलाय, आई! उद्या कोणाचा जीव घेईल. आजच परत पाठवतो."

संध्याकाळी पिल्लू देणाऱ्या त्या बाई आल्या. त्यांनी त्याची मान बघितली आणि मालकांकडे वळल्या. "कुत्र्यात खोट नाही. फाटक राखायला तुम्हाला कुलूप पुरलं असतं. हा माणसं राखतो, आणि तुम्ही त्याला माणसांपासूनच लांब बांधलंत." आजींनी त्याचा कान घट्ट धरला होता. तो त्यांना सोडावा लागला.

त्याच्याबरोबर बाईंनी मलाही उचलून नेले. आता मी त्यांच्या दारातल्या खिळ्यावर असते. तो बाईंच्या पायाशी घोरत पडतो. पिल्लू न्यायला आलेल्यांना बाई विचारतात, "हा झोपणार कुठे?" उत्तर द्यायच्या आधी ज्याची नजर माझ्याकडे जाते, त्याला रिकाम्या हाताने परतावे लागते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आमची काळजी घ्या. मी नाही विनवणार. मला तेल लावू नका, माझी कडी सांधू नका. त्याच्या मानेवर पुन्हा दाट केस आले आहेत. मला खुशाल गंजू द्या.