वस्तादांची कापलेली लाठी

मी एक जुनी लाठी आहे, मित्रांनो, पण मला लाठी म्हणायला तुम्ही कचराल. पाच हातांतले अडीचच उरलेत आणि टोकाला चिंध्यांचा बोळा बांधलाय. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल, तर आत्ताच उठा.

लालबागच्या आखाड्यात रामदास वस्तादांनी मला तेल पाजलं, दोन्ही टोकांना पितळी टोप्या चढवल्या. ते मला फिरवू लागले की मी दिसायची नाही, नुसता वारा ऐकू यायचा. खंडेनवमीला पहिलं फूल माझं. पुढे त्यांनी मला आपल्या लाडक्या चेल्याला, भिवाला दिलं. आखाड्याचा नियम एकच होता: रिकाम्या हातांच्या माणसावर लाठी उगारायची नाही.

छप्पन सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं. मोर्च्याला निघालेल्या पोरांच्या लाठ्या वस्तादांनी दारातच काढून घेतल्या.

"रिकाम्या हातांवर कोण वार करत नाय."

भिवा मला सोडेना. "वस्ताद, समोरच्यांना आपला नियम ठाऊक हाय काय?"

"ठाऊक असतो रे. दे इकडे."

दुपारी पोलिसांनी गोळीबार केला. भिवा परत आला नाही. गोळीपुढे माझं काही चाललं नसतं, हे मलाही कळतं. तरी राग जात नाही.

वस्तादांनी आखाड्याला कुलूप घातलं आणि पन्नाशी उलटल्यावर चिंतामणी पेंटरकडे पाट्या रंगवायला बसले. मला गरगर फिरवणारं मनगट कुंचला धरला की थरथरायचं. ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून पेंटर मनगटाखाली काठी धरतात. वस्तादांनी करवत आणली, मला कापलं आणि टोकाला चिंध्या बांधल्या. दुसऱ्या तुकड्याची मी चौकशी केली नाही.

हात बसायला चार वर्षं लागली. मग त्यांनी पत्र्यावर भिवाला रंगवलं, पुरुषभर उंच. त्याची आई गंगुबाई बघायला आली.

"माझ्या झिलाचे हात परत रिकामेच ठेवलात? तेची लाठी तेका द्या."

वस्तादांनी चार दिवस खपून भिवाच्या मुठीत मला रंगवलं. अख्खी, पितळी टोप्यांसकट. त्या दिवशी मी त्यांना माफ केलं होतं.

साठ साली राज्य मिळालं. एक मेला मैदानात हे चित्र लावायचं ठरलं. आदल्या दिवशी उत्सव मंडळाचे सीताराम आले.

"चित्र झकास, पण लाठी पुसा. आपला लढा शांततेचा, पाहुणे काय म्हणतील? नायतर चित्र लागणार नाय."

भिवाचा चेहरा लोकांनी बघावा, एवढीच वस्तादांची इच्छा उरली होती. शेवटी त्यांनी मलाच मनगटाखाली धरलं आणि मलाच पुसलं. हात जरासुद्धा थरथरला नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानात रोषणाई होती, पेढे होते. गंगुबाई चित्रासमोर उभी राहिली. काहीच न धरलेल्या त्या मिटल्या मुठीकडे बघत राहिली.

"दुसऱ्यांदा काढून घेतलात, वस्ताद."

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा, असं मी सांगणार नाही. ज्याची वस्तू आहे, त्याच्या हातात ती राहू द्या. आमच्या वस्तादांना ते दोनदा जमलं नाही.